सभासद कोण आणि मालक कोण?

(द्वितीय वर्ष, कला)

कोणती बातमी मोठी आणि कोणती लहान, हे पूर्वी संपादक ठरवीत असे. इंटरनेटवरील सामाजिक वृत्तसंकेतस्थळांनी हा अधिकार वाचकांच्या हाती दिला. वाचकांनीच बातम्या आणावयाच्या, त्यांनीच मते द्यावयाची, आणि जिला मते अधिक ती बातमी पहिल्या पानावर, अशी ही पद्धत. अमेरिकेतील ‘डिग’ (२००४) व ‘रेडिट’ (२००५) ही तिची प्रमुख उदाहरणे होत. मजकूर वाचकांचा, पण जागा कंपनीची. या दोघांत बिनसले म्हणजे काय होते, ते प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

पहिली मोठी ठिणगी डिगवर पडली. चित्रपटांच्या एचडी डीव्हीडी चकत्यांची नक्कल होऊ नये म्हणून घातलेल्या कुलपाची किल्ली, म्हणजे एक लांबलचक आकडा, वाचकांनी तेथे प्रसिद्ध केला. कायद्याच्या भीतीने व्यवस्थापनाने तो काढून टाकला. त्यावर १ मे २००७ रोजी हजारो वाचकांनी तोच आकडा पुन्हा पुन्हा टाकून पहिले पान भरून टाकले. अखेर संस्थापक केविन रोझ यांनी त्याच रात्री माघार घेतली. पुढे ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने संकेतस्थळाचे रूपच पालटले व मोठ्या प्रकाशकांना झुकते माप दिले. या वेळी वाचक नुसते भांडले नाहीत. ते रेडिटकडे निघून गेले. २०१२ साली डिग विकली गेली.

रेडिटवर प्रत्येक विषयाचा विभाग बिनपगारी नियामक सांभाळतात. जुलै २०१५ मध्ये एका लोकप्रिय कर्मचारी महिलेला कामावरून काढल्यावर नियामकांनी अनेक विभाग बंद केले, आणि त्याच महिन्यात प्रमुख एलेन पाओ यांनी राजीनामा दिला. माणूस बदलला, व्यवस्था तीच राहिली. २०२३ मध्ये कंपनीने बाहेरच्या अ‍ॅप्सना भारी शुल्क लावले, तेव्हा १२ जूनपासून हजारो विभागांनी ‘बंद’ पाळला. आपल्या मजकुरावर इतरांनी फुकट धंदा का करावा, हा कंपनीचा प्रश्न अगदीच गैरवाजवी नव्हता. परंतु विभाग उघडा, नाहीतर नवे नियामक नेमू, अशी तंबी मिळाली आणि संप मोडला. ‘अपोलो’ हे लोकप्रिय अ‍ॅप ३० जूनला बंद पडले.

हे सारे निरवांगीच्या विद्यार्थ्याला परके वाटू नये. आमच्याकडे ऊस शेतकऱ्याचा आणि कारखाना संचालकांच्या हाती, हे भांडण घरोघरचे आहे. माझे वडील एका सहकारी साखर कारखान्याचे सभासद आहेत. त्यांची शाळा चौथीत सुटली. पण वार्षिक अहवाल आला की ते मला ताळेबंद मोठ्याने वाचावयास लावतात. सभेत ‘मंजूर, मंजूर’च्या गजरात त्यांचा प्रश्न पुष्कळदा बुडून जातो. तरीही तो विचारण्याचा हक्क त्यांना १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाने दिला आहे. भाग कितीही असोत, एका सभासदाला एकच मत. आणि अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेचा.

रेडिटच्या वाचकाला हे नाही. मार्च २०२४ मध्ये कंपनीने भागविक्री केली, तेव्हा काही भाग वाचक व नियामकांसाठी राखून ठेवले होते. परंतु तेथे मत माणसाला नसून भागाला आहे. म्हणून बातमीला मत देणारा हा वाचक कारभाराला मत देऊ शकत नाही. ऊस दुसऱ्या कारखान्याला घालावा तसे निघून जाणे, एवढेच त्याच्या हाती उरते. आणि तेही दुसरा कारखाना जवळ असेल तर. डिगच्या वाचकांना रेडिट होते. २०२३ साली रेडिटच्या वाचकांना तेवढे मोठे दुसरे घर नव्हते.

यावरून एवढेच म्हणावेसे वाटते की, ज्याच्या श्रमावर संस्था उभी राहते त्याचे नाव सभासदांच्या यादीत हवे. आमच्या पिढीचे बोलणे-लिहिणे दिवसेंदिवस अशाच परक्या जागांवर होत आहे. तेथे खाते उघडताना, आपण येथे सभासद आहोत की नुसते ऊस घालणारे, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. आणि जेथे मत खरोखरच आपले आहे, तेथे सभा चुकवू नये.