एक दमला की दुसरा

मुलांनो, सारसोळे गावच्या जेट्टीवर जाताना तुम्ही दोघे मित्र आळीपाळीने सायकल चालवता ना? एक दमला की दुसरा पायडल मारतो. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ २०१५ साली अशाच आळीपाळीने अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत गेले. शर्यतीचे नाव 'रेस अक्रॉस अमेरिका'. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर, मुदत फक्त ९ दिवस! घड्याळ रात्रीही थांबत नाही. एक भाऊ सायकलवर, दुसरा गाडीत. तेवढ्यातच त्याचे जेवण, तेवढ्यातच झोप. मुदतीच्या आत दोघे पोहोचले. ही शर्यत पुरी करणारा तो पहिला भारतीय संघ. आणि हो, गाडी हाकणारे, वाट दाखवणारे, जेवण देणारे सोबतीही संघातलेच. त्यांची नावे मात्र फारसे कोणी विचारत नाही.