एकादशी, दुप्पट खाशी (गीता ६.१६-१७)



आजचं वाचन गीतेचा सहावा अध्याय, श्लोक १६ आणि १७. हा ध्यानाचा अध्याय. जागा कशी असावी, आसन कसं घालावं, नजर कुठं ठेवावी हे सगळं सांगून झाल्यावर भगवान एकदम जेवणावर येतात. फार खाणाऱ्याला योग साधत नाही, आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. फार झोपणाऱ्याचं आणि फार जागणाऱ्याचंही तेच. पुढच्या श्लोकात आश्वासन आहे, की ज्याचं खाणं, हिंडणं, काम, झोप आणि जागणं मापात आहे, त्याचं दुःख हा योग घालवतो.

आपण हे ऐकतो आणि ‘म्हणजे कमी खा’ एवढाच अर्थ घेऊन पुढं जातो. श्लोकात कमी खा असं कुठंच म्हटलेलं नाही. अति खाणारा आणि उपाशी राहणारा असे दोघं शेजारी बसवलेत आणि दोघांनाही एकच उत्तर दिलंय. माउलींनी ज्ञानेश्वरीत हा भाग आणखी उलगडून सांगितलाय. एक माणूस जिभेला विकला गेलेला. दुसरा हट्टाला पेटून भूक-तहान बांधून घालणारा, झोपही तोडणारा. या दुसऱ्याबद्दल माउली म्हणतात, की त्याचं शरीरच त्याचं राहिलेलं नाही, मग योगाची गोष्ट कसली करायची?

मला आज ज्याच्याबद्दल लिहायचंय, तो हे दोन्ही असतो. दिवसा दुसरा, रात्री पहिला.

वजन कमी करायचंय म्हणून सकाळी नुसता बिनसाखरेचा चहा. दुपारी काकडी-टोमॅटो. संध्याकाळी डोकं दुखतंय, मीटिंगमध्ये चिडचिड होतीय, तरी मनात समाधान, की आज जमलं. मग रात्री साडेअकराला घर झोपल्यावर स्वयंपाकघरात उभ्याउभ्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा, लेकराचा बिस्किटपुडा, परत भाकरी. चव लागत नसते. पोट दुखायला लागतं तरी हात थांबत नाही. नंतर लाज, पुडे कचऱ्यात खाली दाबून ठेवणं, आणि ‘उद्या कडक उपास’ असा संकल्प. ही रात्र मला पुस्तकात वाचून माहीत झालेली नाही.

डॉक्टर याला बिंज इटिंग डिसऑर्डर म्हणतात. अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमपुस्तकात २०१३ साली त्याला स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली. ढोबळ खूण अशी: थोड्या वेळात भरमसाठ खाणं, खाताना स्वतःवर ताबा नसल्याची भावना, आणि हे आठवड्यातून निदान एकदा, तीन महिने चाललेलं. सोबत भूक नसताना खाणं, भराभर खाणं, लाजेनं एकट्यानं खाणं, नंतर स्वतःची किळस येणं. येळवसेला शेतात बसून भज्जी-आंबील चारदा घेतली किंवा लग्नात बुंदी जरा जास्त झाली, तर तो हा आजार नव्हे. तिथं चार माणसं सोबत असतात, हसणं असतं, लपवालपवी नसते.

आता हा दिवस आणि ही रात्र एकमेकांशी कसे बांधलेत ते बघू. १९४४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञानं एक प्रयोग सुरू केला. युद्धानं उपाशी पडलेल्या युरोपातल्या लोकांना पुन्हा नीट खाऊ कसं घालायचं, हे शोधायचं होतं. ३६ धडधाकट तरुण स्वतःहून आले. सहा महिने त्यांना साधारण निम्म्या खुराकावर ठेवलं, वजन जवळपास पाव हिश्शानं उतरलं. खरी गंमत वजनाची नाही, मनाची आहे. ही पोरं रात्रंदिवस अन्नाचाच विचार करायला लागली. काही जण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले! आणि खाण्यावरची बंधनं उठल्यावर काहींनी पोट फुटेस्तोवर खाल्लं, तरी भूक भागल्यासारखं वाटेना. ती खादाड माणसं नव्हती. उपाशी शरीर तसं वागतं, एवढंच.

आपल्या आज्यांना हे प्रयोगाशिवाय ठाऊक होतं. एकादशी, दुप्पट खाशी, ही म्हण उगाच झालेली नाही. आपण ती साबुदाण्याच्या खिचडीवर हसायला वापरतो, पण त्यात शरीराचा हिशेब आहे. प्रत्येक बिंजच्या मागं उपासच असतो असं मी म्हणणार नाही. एकटेपणा, ताण, जागरण, जुनं दुःख, घरात लहानपणापासून ऐकलेले ‘जाड्या’सारखे शब्द, हेही असतं. पण वजनासाठी उपाशी राहणाऱ्याच्या बाबतीत पहिल्यांदा ताटाचं वेळापत्रक बघावं.

इथं आपल्याकडचा वाद आठवतोच. शेजारच्या लातूरमुळं आमच्या भागात डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं नाव घरोघरी गेलं: दिवसात दोनच वेळा जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा. दुसरीकडं ऋजुता दिवेकर, थोड्या थोड्या वेळानं घरचं, आपल्या मातीतलं खा म्हणणाऱ्या. २०१८ च्या सुमाराला महाराष्ट्रात दोन पक्षच पडले होते, आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्येसुद्धा. मला कोणाचा पक्ष घ्यायचा नाही. दोन वेळा जेवून वजन आणि साखर उतरलेली माणसं मी बघितलीत. पण ज्याला बिंजचा त्रास आहे, त्यानं शेजाऱ्याला काय लागू पडलं हे विचारण्याआधी, लांबलचक उपाशी वेळ आपल्या रात्रीचं काय करतो, हे बघावं आणि डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं.

या आजारावर आयुष्य घालवलेले ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ ख्रिस्तोफर फेअरबर्न यांच्या उपचारात पायाच मुळी ठरलेल्या वेळी खाण्याचा आहे. तीन जेवणं, मध्ये दोन-तीन वेळा थोडंसं, दोन खाण्यांत साधारण चार तासांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही. सुरुवातीला काय खाताय यापेक्षा कधी खाताय याला महत्त्व. रात्री बिंज झालं तरी सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही. हे सगळ्यात अवघड. पोट जड, मन त्याहून जड, आणि समोर पोहे. पण तो नाश्ता चुकवला की पुढची रात्र आपणच पेरून ठेवतो.

हे वाचताना मला आमचा खंडोबा आठवला. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: अणदूर आणि नळदुर्गचं मैलारपूर, या दोन ठिकाणांत खंडोबाची मूर्ती एकच आहे. वर्षातला मोठा काळ देव अणदुरात, मग नळदुर्गला. पौष पौर्णिमेची यात्रा तिकडं होते, नंतर देव माघारी येतो. जाण्याचा-येण्याचा दोन्हीकडच्या मानकऱ्यांमध्ये करार होतो. देव निघतो तेव्हा गावाला हुरहुर लागते, पण कोणी पालखी अडवून धरत नाही, कारण देव परत येणार हे ठरलेलं आहे. शरीराचंही असंच असावं. पुढचं जेवण ठरलेल्या वेळी येणारच, याची त्याला खात्री पटली की रात्री समोर दिसेल ते लुटून ठेवायची गरज हळूहळू कमी होते. दोन-चार दिवसांत नाही पटत. करार अनेकदा मोडलेला असतो ना, विश्वास बसायला वेळ लागणारच.

मग वजनाचं काय? वजन सोडून द्यायचं असं कोणी म्हणत नाही. भारतीय शरीराला कमी वजनातही मधुमेह गाठतो, म्हणून आपल्याकडं बीएमआय २३ च्या पुढं जास्त वजन आणि २५ च्या पुढं लठ्ठपणा धरतात. कंबर पुरुषाची ९० आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या आत असावी म्हणतात. पण ८० किलोच्या माणसाचं वजन चार ते आठ किलोनं उतरलं तरी साखर आणि रक्तदाबाला फरक पडतो. महिन्यात दहा किलोची जाहिरात आपल्यासाठी नाहीच. आठवड्याला अर्धा किलो भरपूर झालं, आणि तेही रात्रीचं खाणं आधी थोडं शांत झाल्यावर. ज्वारीची भाकरी, वरण, पालेभाजी, ताक, शेंगदाणे मोजून, यात उपासमार नाही आणि वेगळा खर्चही नाही. रोज काटा बघून ज्याचा दिवस नासतो, त्यानं आठवड्यातून एकदाच बघावा.

आता उमेदीचा प्रश्न, जो बहुतेकांचा खरा प्रश्न असतो. सात दिवस नीट गेले, आठव्या रात्री बांध फुटला. फोनमधलं अॅप सरळ आकडा शून्यावर आणतं. आम्ही सॉफ्टवेअरवालेच ही अॅप बनवतो, म्हणून सांगतो, तो शून्य तुम्ही रोज अॅप उघडावं म्हणून ठेवलेला असतो. तुमच्या शरीरात काय चाललंय ते त्याला कळत नाही. याच अध्यायात पुढं, ३७ व्या श्लोकापासून, अर्जुन नेमकं हेच विचारतो: श्रद्धा आहे, पण मध्येच वाटेवरून घसरला, त्याचं काय? फाटलेल्या ढगासारखा तो दोन्हीकडून जातो का? भगवान त्याला ‘तात’ म्हणतात, अगदी बापानं लेकराला म्हणावं तसं, आणि सांगतात की चांगलं करू पाहणाऱ्याची दुर्गती होत नाही. तो जिथवर पोचला होता, तिथून पुढं चालू लागतो. सात दिवस शरीरानं सात दिवसांचं जेवण शिकलेलं असतं. आठवी रात्र ते पुसत नाही.

आणि प्रायश्चित्त म्हणून कडकडीत उपास करणाऱ्यांनी सतरावा अध्याय, श्लोक ५ आणि ६ जरूर वाचावेत. शास्त्रात न सांगितलेलं घोर तप करून शरीराला पिळणारे आतल्या मलाही पिळतात, असं भगवान म्हणतात आणि त्या निश्चयाला आसुरी म्हणतात. एवढा कठोर शब्द अति खाणाऱ्यासाठी त्यांनी इथं वापरलेला नाही, हे लक्षात घ्या.

ज्यांना खाल्लेलं मुद्दाम उलटी करून काढावंसं वाटतं, जुलाबाच्या गोळ्या घ्याव्याशा वाटतात, किंवा जगणंच नको वाटतं, त्यांनी चिंतनावर थांबू नये. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर एकादशीसुद्धा डॉक्टरांना विचारून. साखर एकदम खाली जाऊ शकते. आमच्या अणदुरात हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावातल्याच बायकांना आरोग्याचं शिक्षण देऊन भारतवैद्य केलं. असं आपल्या भाषेत ऐकून घेणारं माणूस जवळ असेल, आशाताई असेल, तर पहिलं वाक्य तिथंच बोलावं: ‘रात्री खाणं थांबत नाही.’ एवढं पुरतं.

घरच्यांसाठी एकच. रिकामा डबा सापडला तर ‘एवढं कोण खाल्लं?’ विचारू नका. सकाळी ताट वाढा आणि शेजारी बसा. आई म्हणते तसं, ‘ये बाळा, दोन घास खाऊन घे,’ बास.

उद्या श्लोक १८. परवा एकादशी आहे. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी नामस्मरण करावं आणि दुपारी वेळेवर जेवावं.