कुत्र्याला काय खाऊ घालावे, आणि कोणाचे ऐकावे?



या वेळचा पाठ दारातल्या कुत्र्याच्या जेवणावर आहे. आरोग्याच्या पानावर कुत्रा कशाला, असे कोणी म्हणेल. पण ज्या घरात लेकरू आणि कुत्रा एकाच ओसरीवर लोळतात, त्या घरात कुत्र्याच्या पोटात काय जाते हा घरच्या माणसांच्याही आरोग्याचा प्रश्न असतो. आणि या विषयात आमच्याकडून एक चूक झाली आहे, तीही सांगायची आहे.

देऊळगाव राजा येथील एका वस्तीत रविवारच्या वंदनेनंतर आम्ही विहाराच्या ओट्यावर बसलो होतो. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने जालन्याहून दोन महिन्यांचे पिल्लू आणले होते. त्याने मोबाईलवर ऐकले होते की कुत्रा म्हणजे मूळचा लांडगा, शिजवलेले अन्न त्याला विष, कच्चे मांस, कच्ची हाडे आणि कलेजी हाच त्याचा नैसर्गिक आहार. त्याच्या मित्राचे म्हणणे होते की पाकिटातले खाद्य सोडून दुसरे काही दिलेच तर कुत्रा आजारी पडणार. शेजारच्या आजी दोघांनाही हसल्या. "मंग आमचा काळू तेरा वर्षं काय खाऊन जगला रे? भाकर अन् ताक. कोन देत होतं त्याला पाकीट?" वाद चांगला तासभर रंगला. शेवटी आम्हाला विचारले, आणि आम्हीही ऐटीत मत दिले की कच्चे बंद करा, शिजवून द्या.

चार दिवसांनी फोन आला. पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब. वस्तीत सगळ्यांनी एकच निदान केले होते, कच्चे मटण बाधले. आम्हीही तेच धरून चाललो आणि दही-भात द्यायला सांगितले. दोन दिवस त्यातच गेले. तिसऱ्या दिवशी पशुवैद्याकडे नेले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, लस दिली होती का? दिली नव्हती. तो पार्व्हो होता, कुत्र्याच्या पिल्लांना होणारा विषाणूचा आजार. पिल्लू वाचले नाही. तासभर आहारावर भांडलो आम्ही, पण लसीचा शब्द एकाच्याही तोंडून निघाला नव्हता.

म्हणून आधी लसीचे सांगतो. पिल्लू 6 ते 8 आठवड्यांचे झाले की पार्व्हो आणि डिस्टेंपर या रोगांची पहिली लस द्यायची असते. पुढे दर 3-4 आठवड्यांनी, पिल्लू 16 आठवड्यांचे होईपर्यंत पुन्हा. एका सुईवर काम भागत नाही. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस, आणि ती दरवर्षी. पिल्लाला रक्ताचे जुलाब लागले तर काय खाल्ले याची चौकशी वाटेत करावी, आधी दवाखाना गाठावा. या रोगात पिल्लू मरते ते बहुधा अंगातले पाणी आटून, आणि शिरेतून सलाईन लागणे हे घरी होणारे काम नाही.

आता मूळ वादाकडे येऊ. कुत्रा लांडग्यापासून आला हे खरे आहे. पण त्यानंतर हजारो वर्षे तो माणसाच्या उष्ट्यावर जगला, आणि त्याने त्याचे पोट बदलले. स्वीडनमधल्या संशोधकांनी 2013 साली कुत्रे आणि लांडगे यांची जनुके ताडून पाहिली. पिष्ट पदार्थ, म्हणजे भाकरी-भातातला मुख्य भाग, पचवणारा रस तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात. कुत्र्यात त्या कितीतरी जास्त आढळल्या, काहींत तर तीसपर्यंत. म्हणजे भाकरी ही कुत्र्यावर लादलेली गोष्ट नाही. आजींचा काळू तेरा वर्षे जगला यात नवल नाही.

पण आजींचेही पूर्ण खरे नाही. मोठ्या कुत्र्याच्या अन्नात, ओलावा वगळून मोजले तर, निदान 18 टक्के प्रथिने असावीत असे पशुआहाराचे मान्य प्रमाण आहे. वाढत्या पिल्लाला सुमारे साडेबावीस टक्के. ज्वारीत ती जेमतेम 10 टक्के असतात. नुसत्या भाकरीवर कुत्रा जगतो, पण केस झडतात, अंग भरत नाही आणि पिल्लू खुरटते. काळू गावभर फिरून उंदीर, अंडी, खाटकाच्या दुकानामागचे तुकडे खात असणार, ते आजींच्या हिशेबात आले नाही. दोरीला बांधलेल्या कुत्र्याला ती सोय नसते.

कच्च्या मांसाचा पंथ तसा जुना नाही. ऑस्ट्रेलियातले पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट यांनी 1993 साली पुस्तक लिहून कच्ची हाडे आणि मांस यांचा पुरस्कार केला, आणि तिथून तो जगभर पसरला. त्यांचे काही म्हणणे विचार करण्यासारखे आहे. शिजवलेली हाडे ठिसूळ होऊन टोकदार फुटतात आणि आतड्यात रुततात, हे सगळेच पशुवैद्य मान्य करतात. पण कच्च्या मांसातले जंतू कुठे जाणार? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2010 ते 2012 या काळात पाळीव प्राण्यांच्या कच्च्या खाद्याचे 196 नमुने तपासले. त्यातल्या 15 मध्ये साल्मोनेला आणि 32 मध्ये लिस्टेरिया सापडले. हे तिथले गोठवून, बंद पाकिटात विकलेले खाद्य. आपल्याकडे दुपारी उघड्यावर टांगलेल्या मांसाचे काय सांगावे. अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेने 2012 सालीच कच्चे प्राणिजन्य अन्न देऊ नये अशी भूमिका घेतली.

आपल्या वस्त्यांना मात्र या जंतूंपेक्षा मोठी भीती एका पट्टकृमीची आहे. हा मुद्दा नीट समजून घ्यावा, कारण यात कुत्र्याला फारसे काही होत नाही, होते ते लेकराला. शेळी-मेंढीच्या कलेजीत किंवा फुप्फुसात कधी कधी पाण्याने भरलेल्या पांढुरक्या गाठी दिसतात. खाटीक तो भाग काढून फेकतो आणि कुत्रा तो उचलतो. त्या गाठीतले अळीचे अंकुर कुत्र्याच्या आतड्यात वाढून जेमतेम अर्धा सेंटिमीटर लांबीचे कृमी होतात. त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, मातीत मिसळतात, कुत्र्याच्या केसांना चिकटतात. लेकरू कुत्र्याला कुरवाळते, तोच हात तोंडात घालते. मग माणसाच्या कलेजीत किंवा फुप्फुसात तशीच गाठ हळूहळू वाढू लागते. पाच वर्षे, दहा वर्षे काही कळत नाही. याला हायडाटिड म्हणतात. पोटात गोळा लागतो तेव्हा सोनोग्राफीत ती दिसते, आणि अनेकदा शस्त्रक्रियाच करावी लागते. गाठ आत फुटली तर जिवावर बेतते.

तेव्हा कलेजी, फुप्फुस, वझडी कुत्र्याला द्यायचीच असेल तर निदान अर्धा तास खळखळ उकळून द्यावी. गाठ दिसलेला भाग तर उकळूनही देऊ नये, जाळावा किंवा कुत्रे उकरणार नाहीत इतका खोल पुरावा. जंताचे कुठलेही औषध या कृमीवर चालत नाही. प्राझिक्वांटेल असलेलेच लागते, कुत्र्याच्या वजनाप्रमाणे. जागतिक आरोग्य संघटना जिथे हा रोग आहे तिथे वर्षातून किमान चार वेळा ते द्यायला सांगते. आणि जेवणापूर्वी लेकरांचे हात साबणाने धुणे, हे आम्ही या पानावर किती वेळा लिहिले असेल कोण जाणे.

मग द्यावे काय? घरातलेच, थोडा विचार करून. साधारण 15 किलोच्या गावठी कुत्र्याला दिवसाला दोन भाकरी, एक उकडलेले अंडे आणि वाटीभर उकडलेले कोंबडीचे मांस, हाडे काढून, हा अंदाज धरावा. मांस परवडत नसेल त्या दिवशी घट्ट शिजवलेली मुगाची किंवा तुरीची डाळ. डाळीत 22 टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. मात्र डाळ फोडणीच्या आधी बाजूला काढावी, कारण कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. आपल्या रश्श्यात भाकरी कुस्करून देण्याची सवय म्हणूनच वाईट. द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट अजिबात नको. बुरशी लागलेली भाकरी नको, ती गाईलाही नको. पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही; जुलाब होत असतील तर बंद करावे. पिल्लाला नुसते मांस दिले तर चुना कमी पडून पाय वाकतात, म्हणून अंड्याच्या टरफलाची पूड किती द्यावी ते पशुवैद्याला विचारावे. फासळ्या दिसू नयेत पण हाताला लागाव्यात, इतपत अंग असले की आहार बरोबर चालला आहे.

पाकिटातले खाद्य वाईट नाही. ज्याला परवडते त्याने पाकिटावर प्रथिनांचे प्रमाण, कोणत्या वयासाठी आहे आणि मुदत हे वाचून घ्यावे. पण पाकीट म्हणजे डोळे मिटून विश्वास असेही नाही. 2007 साली अमेरिकेत विकल्या गेलेल्या खाद्यात चीनहून आलेल्या गव्हाच्या प्रथिनात मेलामाईनची भेसळ निघाली, आणि मूत्रपिंडे निकामी होऊन कुत्री-मांजरे मेली. पुढे तिथेच धान्यविरहित महागडे खाद्य 'नैसर्गिक' म्हणून खपू लागले. 2018 मध्ये तिथल्या सरकारी प्रशासनाने जाहीर केले की अशा खाद्याचा आणि कुत्र्यांच्या हृदयविकाराचा संबंध आहे का, हे आम्ही तपासत आहोत. वर्षानुवर्षे नोंदी गोळा केल्या, आणि 2022 च्या शेवटी सांगितले की कारण सिद्ध करण्याइतकी माहिती या नोंदींतून मिळत नाही. आम्हाला ही गोष्ट मोलाची वाटते. जो 'अजून ठरले नाही' असे म्हणू शकतो, त्याच्या 'ठरले' या शब्दाला वजन असते. मोबाईलवरच्या त्या मांसवाल्याला असे म्हणताना कोणी ऐकले आहे काय? शिवाय त्याच्या व्हिडिओखाली गोठवलेल्या मांसाची जाहिरात होती. पिल्लू आणणाऱ्या मुलाने ती आम्हाला नंतर दाखवली.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण ताजे आहे. जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. कोणी शाम्पूला दोष दिला, कोणी पाण्याला, आणि अफवांना तर ऊतच आला. डॉ. हिंमतराव बावस्करांनी लोकांचे रक्त, लघवी, केस आणि रेशनचा गहू तपासून घेतला आणि गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवले. त्यांच्या निष्कर्षावर कोणाला वाद घालायचा तर घालता येतो, कारण काय तपासले ते समोर ठेवले आहे. 'माझ्या मेव्हण्याच्या कुत्र्याला फरक पडला' यावर वाद तरी कसा घालणार?

जातककथांत कुक्कुर जातक आहे. राजाच्या रथाचे चामडे रात्रीत कुत्र्यांनी खाल्ले. नोकरांनी सांगितले, गटारातून बाहेरची कुत्री आली. राजाने नगरातली सगळी कुत्री मारायचा हुकूम दिला, फक्त राजवाड्यातली सोडून. तेव्हा स्मशानातल्या कुत्र्यांचा म्होरक्या, म्हणजे बोधिसत्त्व, राजासमोर गेला आणि म्हणाला की आधी तपासून पाहा. ताकात कुश गवत कालवून राजवाड्यातल्या कुत्र्यांना पाजले, आणि त्यांनी चामड्याचे तुकडे ओकले. आरोप उंबऱ्याबाहेरच्यांवर, आणि चोर वाड्यातच! आपल्या लोकांना ही कथा वेगळी समजावून सांगायला नको. (ताक-गवताचा प्रयोग मात्र घरी करू नये. कुत्र्याने विषारी काही खाल्ले तर मीठ-पाणी पाजून ओकारी काढण्यानेही जीव जातो.)

रेबीजचा एक गैरसमज त्या रविवारीही निघाला होता, की कच्चे मांस किंवा रक्त खाल्ल्याने कुत्रे पिसाळते. तसे होत नाही. रेबीज विषाणूने होतो आणि पिसाळलेल्या प्राण्याच्या लाळेतून, चाव्यातून पसरतो. भाकरी खाणारे कुत्रेही लस नसेल तर पिसाळू शकते. कुत्रा चावला तर जखमेवर मिरची, चुना, हळद काही न लावता वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जावे. तिथे लस मोफत मिळते.

जनावरांचा सरकारी दवाखाना फक्त गाई-म्हशींचा असतो असा आपल्याकडे समज आहे. तिथे कुत्रेही तपासतात. 1962 हा पशुसंवर्धनाचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. लस तिथे शिल्लक असेलच असे नाही, म्हणून जाण्याआधी विचारून घ्यावे, आणि बाहेरून आणायची झाली तर ती बर्फातच आणावी. उन्हात तापलेली लस टोचली काय न टोचली काय, सारखेच.

त्या मुलाने आता दुसरे पिल्लू आणले आहे, वस्तीतल्याच कुत्रीचे. पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो, म्हणून पहिल्या पिल्लाची जागा आम्ही ब्लीचिंगच्या पाण्याने धुऊन काढली, भांडे आणि गोणपाट जाळून टाकले, आणि दोन डोस होईपर्यंत हे पिल्लू आजींच्या घरी ठेवले आहे. आजी त्याला मुगाची डाळ आणि अंडे चारतात, ताकाचा आग्रह अजून सोडत नाहीत. पहिला डोस झाला. दुसऱ्याची तारीख त्यांनी दारामागे कोळशाने लिहून ठेवली आहे.