बालकाची पहिली दोन वर्षे आणि प्राथमिक शिक्षक

सहा वर्षे पूर्ण झालेले मूल शाळेच्या पटावर येते, तेव्हा शिक्षक त्याचे नाव, जन्मतारीख व पालकाचा व्यवसाय एवढेच नोंदवून घेतो आणि अक्षरओळखीस आरंभ करतो. मुलाचे शिक्षण तेथून सुरू झाले, असा त्याचा समज असणे स्वाभाविक आहे. वस्तुतः त्या मुलाच्या आयुष्यातील सर्वांत वेगवान वाढीचा काळ त्यापूर्वीच संपून गेलेला असतो. जन्माच्या वेळी बालकाचा मेंदू सुमारे साडेतीनशे ते चारशे ग्रॅम वजनाचा असतो. दुसरे वर्ष संपण्याच्या सुमारास तो प्रौढ मनुष्याच्या मेंदूच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक होतो. डोक्याचा घेर जन्मतः सुमारे 34 ते 35 सेंटिमीटर असतो आणि पहिल्या वाढदिवसापर्यंत 45 ते 46 सेंटिमीटरपर्यंत जातो. पुढील कोणत्याही एका वर्षात इतकी वाढ पुन्हा होत नाही. तेव्हा पहिलीच्या वर्गात एखादे मूल मागे पडत असेल, तर त्यास ‘ठोंब’ म्हणून बाजूस बसविण्यापूर्वी शिक्षकाने त्याच्या या आरंभीच्या काळाकडे दृष्टी टाकली पाहिजे.

या प्रश्नाचा एक मोलाचा अभ्यास शिरूर तालुक्याच्या परिसरातच झालेला आहे, ही गोष्ट शिक्रापूर केंद्रातील शिक्षकांनी अवश्य ध्यानात घ्यावी. शिक्रापूरहून पाबळकडे जाणाऱ्या वाटेच्या आसपासची पाबळ, केंदूर, करंदी, धामारी, कन्हेरसर व गोसासी ही सहा गावे निवडून पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी 1993 साली गर्भवती स्त्रियांच्या आहाराचे निरीक्षण आरंभिले. या माता वयाने सरासरी एकवीस वर्षांच्या, उंचीने सुमारे 152 सेंटिमीटर व शरीराने कृश होत्या. त्यांच्या बालकांचे सरासरी जन्मवजन सुमारे 2.7 किलोग्रॅम भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे तेच वजन सुमारे 3.5 किलोग्रॅम होते. आश्चर्याची गोष्ट अशी की, आपल्या बालकांत स्नायू व पोटातील अवयव लहान असले, तरी त्वचेखालील मेद त्या मानाने फारसा कमी नव्हता. बारीक दिसणाऱ्या या बालकांना पुढे मधुमेहाचा धोका का अधिक असतो, याचा शोध त्यातूनच पुढे चालू राहिला.

शिक्षकाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे निष्कर्ष दोन. पहिला असा की, आईने किती अन्न खाल्ले यापेक्षा काय खाल्ले याचा संबंध बालकाच्या वाढीशी अधिक दिसून आला. ज्या मातांच्या आहारात पालेभाज्या, फळे व दूध वारंवार असे, त्यांची बालके अधिक भरलेली जन्मली. शेतीची व पाणी वाहण्याची कष्टाची कामे गरोदरपणीही ज्यांच्या वाट्यास अधिक आली, त्यांची बालके तुलनेने लहान होती. भाजी पिकविणाऱ्या आणि दूध डेअरीस घालणाऱ्या घरातील गरोदर सुनेच्या ताटात तीच भाजी व तेच दूध पोहोचते की नाही, हा प्रश्न त्यामुळे केवळ घरगुती राहत नाही.

दुसरा निष्कर्ष थेट शाळेशी निगडित आहे. या मातांपैकी बहुतेकींच्या रक्तात ब-12 हे जीवनसत्त्व कमी आढळले होते. त्यांची मुले नऊ वर्षांची झाल्यावर त्यांच्यापैकी काहींच्या बुद्धीच्या कसोट्या घेण्यात आल्या. गरोदरपणी ज्यांच्या आईत हे जीवनसत्त्व फार कमी होते, ती मुले लक्ष टिकवून धरण्याच्या व आकडे उलट क्रमाने स्मरणात ठेवण्याच्या कसोटीत मागे पडली. इतर कसोट्यांत मात्र दोहोंत विशेष अंतर नव्हते. नऊ वर्षांचे मूल म्हणजे तिसरी-चौथीतील विद्यार्थी. फळ्यावरील उदाहरण अर्ध्यावर सोडून खिडकीबाहेर पाहणाऱ्या प्रत्येक मुलाचे कारण हेच असेल असे नव्हे. परंतु ‘लक्ष नाही’ या एका शेऱ्याने सारे उलगडत नाही, एवढे निश्चित. दूध, दही, ताक, अंडी, मासळी व मांस यांतून हे जीवनसत्त्व मिळते. केवळ भाजी-भाकरीतून ते मिळत नाही.

जन्मानंतरच्या संगोपनात आपल्या ग्रामीण घरांतील पुष्कळ रीती उत्तम आहेत. आजीने मांडीवर घेऊन तेल चोळणे, न्हाऊ घालताना बाळाशी बोलत राहणे, अंगाई म्हणणे यांतून बालकास स्पर्श व भाषा दोन्ही मिळतात. काही रीती मात्र सोडल्याच पाहिजेत. पहिला पिवळसर चीक दूषित समजून फेकून देणे, बाळास मध किंवा गुटी चाटविणे, नाकाकानांत तेल घालणे आणि कोंडलेल्या खोलीत धुरी देणे या गोष्टी घातक आहेत. जन्मानंतर पहिल्या तासात स्तनपान सुरू करावे, सहा महिने आईच्या दुधावाचून पाणीसुद्धा देऊ नये आणि सहा महिने पूर्ण होताच मऊ, घट्टसर वरणभात, भाकरी कुसकरून, केळे, अंडे असे अन्न सुरू करून स्तनपान दोन वर्षे चालू ठेवावे. उष्टावणाचा समारंभ थाटाने होतो, पण त्यानंतर कित्येक घरी बाळास वरणाचे केवळ पाणीच पाजले जाते. त्याने पोट भरल्यासारखे वाटते, पोषण होत नाही.

बाळ सुमारे चौथ्या महिन्यात मान सावरते, आठव्या-नवव्यापर्यंत आधारावाचून बसते आणि बहुधा दीड वर्षाच्या आत चालू लागते. मुला-मुलांत महिना-दोन महिन्यांचा फरक पडतोच, त्याची धास्ती घेऊ नये. मात्र जे मूल आवाजाकडे वळत नाही, वर्षाचे झाले तरी बसत नाही किंवा दोन वर्षांचे होऊनही शब्द बोलत नाही, त्यास आरोग्य केंद्रात विनाविलंब दाखवावे. ऐकू न येणारे मूल मुके व मंद समजून घरीच ठेवले गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

आता शाळेतील एका नित्य अडचणीचा विचार करू. शिक्रापूर, सणसवाडी, कोरेगाव भीमा या पट्ट्यात कारखान्यांमुळे दूरदूरची कुटुंबे येऊन राहिली आहेत. आई-बाप दोघेही कामावर जातात, आजी गावी राहिलेली असते. मग तान्हे मूल कोणाच्या कडेवर द्यायचे? ते चौथीतल्या बहिणीच्या कडेवर जाते, आणि हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरीची खूण पडत जाते. तिला दोष देण्यात काय अर्थ? तिचे शिक्षण बुडते आणि बाळासही जाणत्या माणसाचा सहवास मिळत नाही. एका गैरसोयीने दोन मुलांची हानी होते.

हीच अडचण ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांना ठाणे जिल्ह्याच्या किनारपट्टीवर भेटली होती. 1945 साली बोर्डी येथे आरंभ केल्यावर मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसताच त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द त्यातूनच रूढ झाला. पुढे 1957 साली कोसबाडच्या टेकडीवर कार्य स्थिरावले, तेथे पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी चालविण्याची योजना त्यांनी आखली. धाकट्याला पाळण्यात ठेवून थोरली पलीकडच्या वर्गात बसू शके. गुरे वळणाऱ्या मुलांसाठी तर त्यांनी कुरणातच शाळा नेली. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने पुढे अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचविले.

ज्या शाळेच्या आवारात वा शेजारी अंगणवाडी आहे, तेथील शिक्षकास यातील काही भाग आजही आचरणात आणता येईल. वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलींच्या घरी किती लहान भावंडे आहेत, याची यादी करून ती अंगणवाडी सेविकेस द्यावी. सेविकेकडील वजनाचा तक्ता महिन्यातून एकदा पाहावा. ज्या धाकट्याची वजनरेषा आडवी पडली आहे, त्याची थोरली भावंडे बहुधा आपल्याच वर्गात असतात. सहावी-सातवीच्या मुलींना विज्ञानाच्या तासात आहाराचा पाठ शिकविताना ताटातील पदार्थांची नावे त्यांच्याकडूनच घ्यावीत, आणि घरी प्रथम कोणाला वाढले जाते व शेवटी कोण जेवते, हेही विचारावे. या प्रश्नाने वर्गात पहिल्यांदा हशा पिकतो. नंतर मुली बोलू लागतात.