हवेची उशी की पोलादाचे वेटोळे?



माझा एक जुना विद्यार्थी ऑस्ट्रेलियात राहतो. तेथे सुटीत चाकांवरचे घर, म्हणजे कॅराव्हॅन, मोटारीमागे जोडून हजारो किलोमीटर हिंडण्याची हौस पुष्कळांना असते. त्याला ३००० किलोग्रॅमची कॅराव्हॅन ओढण्यासाठी मोठी गाडी घ्यायची आहे. पाहिलेल्या दोन गाड्यांपैकी एकीला पोलादी वेटोळ्यांच्या स्प्रिंगा आहेत, दुसरीला हवेच्या. "सर, कोणती घेऊ? विक्रेता म्हणतो, हवेच्या स्प्रिंगा घ्या, गाडी मागून बसणार नाही, मग काळजीच नाही," असे त्याने लिहिले. विक्रेत्याच्या वाक्याचा पहिला भाग खरा आहे. दुसरा मात्र धोक्याचा आहे. तो का, हे आज आपण पाहू.

प्रथम आपल्या बैलगाडीकडे वळू. गाडीत पोती भरताना शेतकरी भार असा बेततो की जू बैलांच्या मानेवर थोडेसे दाबून राहावे. भार मागे गेला तर गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते. पुढे फार झाला तर बैलांची मान दबते. कॅराव्हॅनचेही असेच आहे. तिच्या वजनाचा सुमारे दहावा भाग जोडणीच्या गोळ्यावर पडावा, असा सर्वसाधारण नियम आहे. तो फार कमी पडला तर कॅराव्हॅन वेगात शेपटीसारखी डावी-उजवी हेलकावू लागते.

म्हणजे आपल्या उदाहरणात गोळ्यावर ३०० किलोग्रॅम भार येईल. पण हा गोळा मागच्या आसाच्याही मागे असतो. समजा, पुढच्या व मागच्या आसांत ३ मीटर अंतर आहे आणि गोळा मागच्या आसापासून १.२ मीटर मागे आहे. ही झाली तरफ! मागचा आस तिचा टेकू. भार ३००, त्याचा बाहू १.२, गुणाकार ३६०. समोरच्या बाजूचा बाहू ३ मीटर. म्हणून पुढच्या आसावरचे ३६० भागिले ३, म्हणजे १२० किलोग्रॅम वजन उचलले जाईल. आणि मागच्या आसावर ३०० नव्हे, तर ३०० अधिक १२०, म्हणजे ४२० किलोग्रॅम भार वाढेल.

आता स्प्रिंगांकडे येऊ. पोलादी स्प्रिंग रॉबर्ट हूकने १६७८ साली प्रसिद्ध केलेला नियम पाळते: जितके बल, तितक्या प्रमाणात आकुंचन. समजा, मागच्या दोन्ही स्प्रिंगा मिळून १ सेंटिमीटर दाबायला ६०० न्यूटन बल लागते. ४२० किलोग्रॅमचे वजन सुमारे ४१०० न्यूटन. म्हणजे गाडी मागून जवळजवळ ७ सेंटिमीटर बसेल. पुढच्या स्प्रिंगा तेवढ्याच ताठ असतील तर नाक सुमारे २ सेंटिमीटर वर येईल. तीन मीटरमागे ९ सेंटिमीटरचा हा कल किरकोळ वाटतो ना? पण दिव्यांचा झोतही तेवढाच वर उचलला जातो. ३० मीटर अंतरावर तो ९० सेंटिमीटर वर जाईल आणि समोरून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांत शिरेल. शिवाय, खड्ड्यात चाक वर उसळण्यासाठी ठेवलेली जागा ७ सेंटिमीटरने कमी होते आणि धक्का रबरी गट्टूवर आदळतो.

मग दुप्पट ताठ स्प्रिंगा बसवल्या तर? गाडी साडेतीन सेंटिमीटरच बसेल. पण कॅराव्हॅन सोडल्यावर काय? ताठरपणाला वस्तुमानाने भागून वर्गमूळ काढले की आंदोलनांचा वेग कळतो. मागच्या स्प्रिंगांवर १२०० किलोग्रॅम असतील, तर मूळ स्प्रिंगांवर रिकामी गाडी सेकंदाला सुमारे १.१ वेळा डोलते. ही गती आपल्या चालण्याच्या लयीला जवळ असल्याने सुखाची वाटते. दुप्पट ताठ स्प्रिंगांवर तीच १.६ होते, गाडी कडक होते, हादरे बसतात.

हवेच्या स्प्रिंगेत वेटोळ्याच्या जागी रबर व धाग्यांची जाड पिशवी असते. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दांडा दाबा. तो परत उसळतो. हीच हवेची स्प्रिंग. घनफळ घटले की दाब वाढतो, हे रॉबर्ट बॉईलने १६६२ साली दाखवले होते. समजा, प्रत्येक पिशवीचे परिणामी क्षेत्रफळ १५० चौरस सेंटिमीटर आहे आणि तिच्यावर ६०० किलोग्रॅम भार आहे. तर आत बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला ४ किलोग्रॅम जास्त दाब हवा. कॅराव्हॅन जोडली की प्रत्येक बाजूस २१० किलोग्रॅम वाढतील. गाडी बसू लागताच उंची मोजणारे यंत्र ते ओळखते, काँप्रेसर आत हवा भरतो, दाब ५.४ होतो आणि गाडी पुन्हा पूर्वीच्या उंचीला येते.

यातली खरी गंमत पुढे आहे. घनफळ तेवढेच राहून दाब वाढला की पिशवीचा ताठरपणाही वाढतो, आणि तो जवळजवळ भाराच्याच प्रमाणात! त्यामुळे ताठरपणा व वस्तुमान यांचे गुणोत्तर फारसे बदलत नाही. गाडी रिकामी असो वा भरलेली, ती जवळजवळ त्याच लयीत डोलते. ज्यांचा भार सारखा बदलतो अशा लांब पल्ल्याच्या अनेक बसगाड्यांत हवेच्या स्प्रिंगा वापरतात, त्या याचसाठी.

आता विक्रेत्याच्या वाक्याकडे परत या. हवेने गाडी सपाट झाली. मग पुढच्या आसावरचे हरवलेले १२० किलोग्रॅम परत आले का? तरफेचा हिशेब पुन्हा तपासा. त्यात स्प्रिंगेचे नाव कोठे होते? होते फक्त भार आणि अंतरे. मागची बाजू ७ सेंटिमीटर उचलल्याने ही अंतरे जवळजवळ बदलत नाहीत. म्हणून पुढची चाके पूर्वीइतकीच हलकी राहतात. पुढच्या आसावर आधी १३०० किलोग्रॅम असतील तर आता ११८० उरले. पकड भाराच्या प्रमाणात असते, म्हणजे वळण्यासाठी व थांबण्यासाठी लागणारी पुढच्या चाकांची पकड सुमारे ९ टक्क्यांनी घटली. वाईट हे की, बसलेली गाडी निदान डोळ्यांना दिसते. सपाट गाडी आपला दोष लपवते. ताप उतरला म्हणजे रोग बरा झाला असे नव्हे, तसेच हे.

यावर उपाय आहे. भार वाटून देणारी खास जोडणी मिळते. तिच्यातील ताणलेल्या पोलादी दांड्या उलटी तरफ बनतात आणि भाराचा काही भाग पुढच्या आसाकडे व काही कॅराव्हॅनच्या चाकांकडे परत ढकलतात. मात्र आपोआप उंची बदलणारी हवेची स्प्रिंग या दांड्यांचा बेत बिघडवू शकते. म्हणून गाडीच्या माहितीपुस्तकात परवानगी आहे की नाही, ते आधी पाहावे लागते.

हवेच्या स्प्रिंगेला आणखी एक किंमत मोजावी लागते. रबर जुने होऊन चिरते, नळ्यांतून हवा गळते, काँप्रेसर थकतो. १९५७ साली अमेरिकेत कॅडिलॅक एल्डोराडो ब्रूम ही हवेच्या स्प्रिंगांची महागडी मोटार निघाली. पण गळतीला कंटाळून पुष्कळ मालकांनी तिला पोलादी स्प्रिंगा बसवून घेतल्या. तंत्र तेव्हापासून खूप सुधारले आहे, तरीही वेटोळ्यातून गळायला काही नसते, हे खरेच.

मग मी काय उत्तर दिले? "वर्षातून दोनदाच कॅराव्हॅन जोडणार असशील, रस्ते डांबरी व दुरुस्तीची सोय जवळ असेल, तर हवेची स्प्रिंग घे. निर्मनुष्य कच्च्या रस्त्यांवर, बहुतेक नेहमी तोच भार घेऊन जाणार असशील, तर त्या भाराला योग्य अशी पोलादी स्प्रिंग बरी. पण दोन्हींपैकी काहीही घेतलेस, तरी निघण्यापूर्वी वजनकाट्यावर पुढचा व मागचा आस वेगवेगळा तोलून पाहा. तुझ्या गाडीत तुझी मुले बसणार आहेत. डोळ्यांवर नव्हे, काट्यावर विश्वास ठेव."

करून पाहा: दोन पेन्सिली एकमेकींपासून २० सेंटिमीटर अंतरावर समांतर ठेवा. त्यांवर ३० सेंटिमीटरची पट्टी अशी ठेवा की तिचे एक टोक मागच्या पेन्सिलीबाहेर ८ सेंटिमीटर येईल. त्या टोकावर एकेक नाणे ठेवत जा. पुढचे टोक केव्हा उचलले जाते? आता मागच्या पेन्सिलीखाली पातळ पुठ्ठा घालून तिची उंची वाढवा आणि पुन्हा नाणी मोजा. संख्या बदलली का? कारण स्वतः लिहून काढा.