बाळाच्या डोळ्यातली पांढरी चमक



मोबाइलचा फ्लॅश पाडून काढलेल्या फोटोत बाळाच्या एका डोळ्याची बाहुली पांढरी चमकते का? डोळा अलीकडे तिरळा झालाय का? मोतीबिंदूही असू शकतो. पण रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा कर्करोगही असू शकतो. तो दुर्मीळ आहे: साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एक, बहुधा पाच वर्षांच्या आत.

हा गेल्या जन्मीचा भोग नाही, कुणाची नजरही नाही. कारणाशिवाय काही घडत नाही, हीच धम्माची शिकवण. अमेरिकेत डॉ. आल्फ्रेड नडसन यांनी ४८ बालरुग्णांच्या नोंदी अभ्यासून १९७१ साली मांडले की, पेशीत दोन बिघाड झाले की ही गाठ सुरू होते. काही मुलांत पहिला बिघाड जन्मतःच असतो. त्यांना रोग लवकर आणि बहुधा दोन्ही डोळ्यांत होतो. १९८६ मध्ये ते जनुकही सापडले. ४८ मुलांच्या केसपेपरांतून केवढे ज्ञान निघाले!

काय कराल?
• अंगारा, घरगुती थेंब नको. त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञ गाठा.
• निदान झाले तर भावंडांचेही डोळे तपासून घ्या.
• केसपेपर, रिपोर्ट जपून ठेवा.
• खर्चासाठी रुग्णालयात महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा.

लवकर सापडला तर लेझर, केमोथेरपीने डोळाही वाचू शकतो. कधी डोळा काढावा लागतो. तेव्हा आईबापांनो, नाही म्हणू नका. लेकरू जगते.