सूज उतरली म्हणजे लिगामेंट जुळलं, असं नाही

कबड्डीत किंवा फुटबॉल खेळताना झटकन वळल्यावर गुडघ्यात ‘कट्’ आवाज येतो आणि काही तासांत गुडघा टम्म सुजतो. मग तेल, लेप, मालिश सुरू होतं. काही आठवड्यांत सूज उतरते, चालता येतं आणि लिगामेंट जुळल्याची घरात सगळ्यांची खात्री पटते. या समजुतीने अनेक गुडघ्यांचं नुकसान केलं आहे. ही सूज बहुतेकदा सांध्यात साचलेल्या रक्ताची असते; शरीर ते आपोआप शोषून घेतं. गुडघ्याच्या मधोमध असणारं एसीएल हे लिगामेंट मात्र सांध्यातल्या द्रवात असतं. तिथे रक्ताची गुठळी टिकत नाही, त्यामुळे पूर्ण तुटलेली टोकं सहजासहजी जुळत नाहीत. याउलट गुडघ्याच्या आतल्या कडेचं एमसीएल बहुतेक वेळा पट्टा आणि व्यायामाने भरून येतं. शेजाऱ्याचा गुडघा ‘तेलाने’ बरा झाला असेल, तर त्याला बहुधा हीच दुखापत असावी.

‘म्हणजे ऑपरेशनच करायचं का?’ असं लगेच विचारलं जातं. घाबरू नका, प्रत्येकाला ते लागत नाही. स्वीडनमध्ये एसीएल तुटलेल्या १२१ तरुणांवर झालेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. लवकर शस्त्रक्रिया केलेले आणि आधी पद्धतशीर व्यायाम करून गरज पडली तरच शस्त्रक्रिया करायची असं ठरवलेले, या दोन गटांत दोन वर्षांनी रुग्णांना जाणवणाऱ्या त्रासात फरक आढळला नाही. पाच वर्षांनंतरही दुसऱ्या गटातल्या सुमारे निम्म्या लोकांना शस्त्रक्रिया लागली नव्हती. पण हा पर्याय म्हणजे फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली मांडीचे स्नायू आणि तोल सुधारण्याची अनेक महिन्यांची मेहनत. पडून राहून लेप लावणं म्हणजे हा उपचार नव्हे.

‘मालिशने बरं वाटतं, ते खोटं का?’ खोटं नाही. मालिश किंवा अॅक्युपंक्चरने वेदना तात्पुरती कमी होऊ शकते. पण वेदना कमी होणं वेगळं आणि गुडघा स्थिर होणं वेगळं. दुखत नाही म्हणून सैल गुडघ्यावर खेळायला उतरलात, तर आतली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटू शकते आणि पुढे सांध्याची झीज होऊ शकते. स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सपासून बनवलेल्या महागड्या पीआरपी इंजेक्शनने पूर्ण तुटलेलं एसीएल जुळतं, याला भक्कम पुरावा नाही. ताज्या दुखापतीवर जोराने चोळणं आणि हाडवैद्याकडून गुडघा ओढून घेणं तर कटाक्षाने टाळा.

जिना उतरताना गुडघा निसटत असेल, मध्येच अडकून सरळ होत नसेल किंवा चार पावलंही टाकता येत नसतील, तर विनाविलंब अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. पाऊल थंड किंवा बधिर पडलं, पोटरी सुजून दुखू लागली, तापासह गुडघा लाल आणि गरम झाला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पूरक उपचार करायचे असतील तर जरूर करा, पण आधी तपासणी करून घ्या आणि व्यायाम एक दिवसही चुकवू नका.